वाचकांचे प्रश्न : दहावीच्या गणिताचा सराव

राज्य मंडळाची दहावीची परीक्षा तोंडावर आली आहे. ठाणे व नवी मुंबईतील वाचकांनी गणिताच्या सरावाविषयी पाठवलेल्या काही प्रश्नांची उत्तरे या वेळी एकत्र देत आहोत.

प्रश्न : मी दहावीत, मराठी माध्यमात शिकते. क्लासमध्ये सर फळ्यावर उदाहरण सोडवतात तेव्हा प्रत्येक पायरी समजते. सगळी उदाहरणे वहीत उतरवलेली आहेत आणि मी ती पुन्हा पुन्हा वाचते. तरीही चाचणीत नवे शाब्दिक उदाहरण आले की सुरुवात कुठून करावी हेच सुचत नाही. माझे कुठे चुकते?
(एक विद्यार्थिनी, ऐरोली)

उत्तर : फळ्यावरचे उदाहरण समजणे आणि कोऱ्या पानावर ते स्वतः मांडणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि तुझा सगळा वेळ सध्या पहिल्या कामात जात आहे. सोडवून दाखवलेल्या उदाहरणात अवघड निर्णय आधीच घेतलेले असतात. कोणती राशी क्ष मानायची, दिलेल्या माहितीतून समीकरण कसे मांडायचे, अवयव पाडायचे की सूत्र वापरायचे, हे सगळे सरांनी ठरवलेले असते. वाचणाऱ्याच्या वाट्याला फक्त आकडेमोड तपासणे उरते आणि ती पटली की सगळेच समजल्यासारखे वाटते. परीक्षेत मात्र कामाला सुरुवातच त्या निर्णयांपासून होते.

एक उदाहरण घेऊ. एका आयताकृती बागेची लांबी रुंदीपेक्षा ७ मीटरने जास्त आहे आणि तिचे क्षेत्रफळ २२८ चौरस मीटर आहे, तर लांबी व रुंदी काढा. वही न उघडता आधी एवढेच लिही: रुंदी क्ष मीटर मानू, म्हणून लांबी (क्ष + ७) मीटर. ही ओळ स्वतःला सुचली की क्ष(क्ष + ७) = २२८, म्हणजेच क्ष² + ७क्ष – २२८ = ०, हे ओघानेच येते. आता २२८ चे असे दोन अवयव हवेत, ज्यांच्यातील फरक ७ आहे. १९ आणि १२ सापडले तर उत्तमच; न सापडले तरी अडून बसू नये, कारण विवेचक (सूत्रातील वर्गमूळचिन्हाखालची संख्या) ४९ + ९१२ = ९६१, म्हणजे ३१ चा वर्ग आहे आणि सूत्राने क्ष = १२ किंवा क्ष = –१९ ही मुळे सरळ मिळतात. पुष्कळ मुले इथेच थांबतात. रुंदी ऋण असू शकत नाही, म्हणून –१९ हे मूळ घेता येत नाही, असे कारण देऊन रुंदी १२ मीटर व लांबी १९ मीटर असे एककासह लिहिल्यावरच उत्तर पूर्ण होते. उतरवलेले उदाहरण वाचताना ही शेवटची ओळ नजरेतून सहज सुटते. स्वतः लिहून मग ताडून पाहिले की ती राहून गेल्याचे कळते.

म्हणून यापुढे सोडवलेली वही वाचायची नाही, तर ती बंद ठेवून तेच उदाहरण कोऱ्या पानावर सोडवायचे. अडलीस तर वहीतील फक्त पुढची एक ओळ पाहायची आणि वही पुन्हा मिटायची. अशी मदत घेऊन सुटलेल्या उदाहरणावर खूण कर आणि तीन-चार दिवसांनी ते पुन्हा पहिल्यापासून सोडव. त्या वेळी ते कोणाच्या आधाराविना सुटले तरच ते तुला येते असे समजावे.

याच्याच जोडीला आणखी एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते. वर्गसमीकरणांचा सरावसंच सोडवत असताना पुढचे उदाहरणही वर्गसमीकरणाचेच असणार हे ठाऊक असते, त्यामुळे पद्धत निवडण्याचा सराव होतच नाही. प्रश्नपत्रिकेत उदाहरणावर प्रकरणाचे नाव छापलेले नसते. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी असलेल्या संकीर्ण प्रश्नसंग्रहातील उदाहरणांचे क्रमांक चिठ्ठ्यांवर लिहून त्या एका डब्यात ठेव आणि रोज चार-पाच चिठ्ठ्या न पाहता उचलून तेवढीच उदाहरणे सोडव. अंकगणिती श्रेढीचे (प्रत्येक पुढचे पद ठरावीक फरकाने बदलणाऱ्या संख्यांचे) उदाहरण आले आणि त्यात दोन पदे दिलेली असली, तर पहिले पद व सामान्य फरक काढण्यासाठी पहिल्या प्रकरणातील एकसामयिक समीकरणेच सोडवावी लागतात, असे प्रकरणांतील धागेदोरे या सरावात आपोआप दिसू लागतात. सुरुवातीला उदाहरणे कमी सुटतील आणि गती मंदावेल. त्याने घाबरून पुन्हा वाचण्याकडे वळू नकोस.

प्रश्न : माझ्या मुलाला सर्व पद्धती येतात, तरी प्रत्येक चाचणीत अधिक-उण्याच्या चुकांनी सात-आठ गुण जातात. आम्ही त्याला लक्ष देऊन सोडव असे सांगून थकलो.
(एक पालक, वर्तकनगर, ठाणे)

उत्तर : ‘लक्ष दे’ या सूचनेतून मुलाला नेमके काय करायचे ते कळत नाही. त्याच्या तपासून आलेल्या उत्तरपत्रिका समोर घ्या आणि चूक कोणत्या ओळीत झाली ते त्यालाच शोधायला सांगा. बहुतेक वेळा चुका विखुरलेल्या नसून ठरावीक जागीच होत असल्याचे आढळेल. उदाहरणार्थ, २क्ष – ५य = १६ आणि ३क्ष + ४य = १ ही समीकरणे क्रेमरच्या पद्धतीने सोडवताना क्ष आणि य च्या सहगुणकांच्या निश्चयकाची (तिरप्या गुणाकारांच्या वजाबाकीची) किंमत २ × ४ – (–५) × ३, म्हणजे ८ + १५ = २३ येते. मुले (–५) चा कंस न लिहिता मनातल्या मनात गुणाकार करतात, ८ – १५ = –७ असे लिहून मोकळी होतात आणि पुढचे सगळे योग्य करूनही क्ष ची किंमत अपूर्णांकात येते. कंस लिहिला की क्ष = ३ आणि य = –२ मिळते. या किमती दोन्ही समीकरणांत घालून पाहायला अर्धा मिनिटही लागत नाही: ६ + १० = १६ आणि ९ – ८ = १. ऋण संख्येला कंस आणि उत्तराचा ताळा, या दोन सवयी सरावातच लागल्या पाहिजेत; परीक्षेच्या दिवशी त्या नव्याने लागत नाहीत.

मात्र चिन्हाची चूक म्हणून जी खपवली जाते, ती काही वेळा न समजल्याची चूक असते. १०० रुपये दर्शनी किमतीचा शेअर १२५ रुपये बाजारभावाने घेतला आणि कंपनीने २० टक्के लाभांश दिला, तर लाभांश दर्शनी किमतीवर, म्हणजे २० रुपये मिळतो आणि परताव्याचा दर १२५ रुपयांवर काढायचा असल्याने १६ टक्के येतो. मुलाने लाभांश २५ रुपये काढला असेल, तर त्याला सावध राहण्याचा उपदेश उपयोगाचा नाही. अर्थनियोजनाचा तो भाग पुन्हा शिकवायला हवा.

प्रश्न : भूमितीची प्रमेये मी पाठ केली आहेत, पण आकृतीतील अक्षरे बदलली की सिद्धता आठवत नाही.
(एक विद्यार्थी, नेरूळ)

उत्तर : प्रमेय ओळींनी पाठ करू नये, त्यातील युक्ती लक्षात ठेवावी. प्रमाणाचे मूलभूत प्रमेय पाहा. त्रिकोण कखग मध्ये बाजू खग ला समांतर असलेली रेषा कख ला प मध्ये आणि कग ला फ मध्ये छेदते. त्रिकोण कपफ आणि त्रिकोण पखफ यांची फ मधून काढलेली उंची एकच आहे, म्हणून त्यांच्या क्षेत्रफळांचे गुणोत्तर कप : पख. तसेच कपफ आणि पफग यांची प मधून काढलेली उंची एकच, म्हणून ते गुणोत्तर कफ : फग. पखफ आणि पफग हे त्रिकोण पफ या एकाच पायावर, समांतर रेषांच्या दरम्यान असल्याने त्यांची क्षेत्रफळे समान आहेत. म्हणून दोन्ही गुणोत्तरे समान. समान उंची आणि समान पाया एवढे दोन मुद्दे मनात राहिले की अक्षरे कोणतीही असोत, पक्ष, साध्य व सिद्धता तुला स्वतःच्या शब्दांत लिहिता येईल. दर वेळी आकृती नव्या अक्षरांनी, थोडी तिरपी काढून सराव कर आणि प्रत्येक विधानापुढे कारण लिही.

प्रश्न : क्लाससाठी मी सानपाड्याहून ठाण्याला लोकलने जातो, घरी यायला रात्र होते. सरावाला वेळ मिळत नाही आणि पेपरही अपुरा राहतो.
(एक विद्यार्थी, सानपाडा)

उत्तर : गाडीत बसायला जागा मिळाली तर पूर्ण उदाहरण सोडवण्याचा आटापिटा करू नकोस. शाब्दिक उदाहरण वाचून फक्त क्ष काय मानायचे आणि समीकरण कोणते, एवढेच ठरव. उरलेले घरी लिहून काढ. पेपर अपुरा राहतो त्याचा हिशेब सरळ आहे. गणित भाग १ आणि भाग २ या प्रत्येक पेपरला ४० गुण आणि २ तास, म्हणजे एका गुणाला ३ मिनिटे. शेवटची १५ मिनिटे तपासण्यासाठी राखली तर ४ गुणांच्या उदाहरणाला सुमारे १० मिनिटे मिळतात. रविवारी एक पूर्ण प्रश्नपत्रिका घड्याळ लावून, कॅल्क्युलेटरशिवाय सोडव. तीनपैकी दोन सोडवायची असतील तिथे तिन्ही वाचून मगच निवड कर.

प्रश्न : मी स्वतः सातवीपर्यंतच शिकले आहे. मुलीच्या गणितात मला काही कळत नाही, तर मी तिला मदत कशी करू?
(एक आई, घणसोली)

उत्तर : तुम्हाला गणित येण्याची गरज नाही, ताई. दिवसातून एकदा तिला एक उदाहरण तुम्हाला समजावून सांगायला लावा आणि प्रत्येक ओळीला ‘हे का केलेस?’ एवढेच विचारा. ती अडखळली तर रागावू नका. ज्या ओळीला अडखळली तिथे पेन्सिलीने खूण करा आणि दुसऱ्या दिवशी शाळेत बाईंना ती जागा दाखवायला सांगा. पाठ्यपुस्तकाच्या शेवटी उत्तरसूची असते, त्यामुळे अंतिम उत्तर तुम्हालाही ताडून पाहता येईल. पुस्तक फाटले किंवा हरवले असेल तर ते ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरून मोबाईलवर विनामूल्य उतरवून घेता येते.