बाबांच्या खिशातली चिल्लर

इंदूरच्या लोकमान्य नगरातून एका सुनेचं पत्र आलंय. सासरे चौऱ्याहत्तर वर्षांचे, बँकेतून निवृत्त. दर गुरुवारी दत्ताच्या देवळात जायचे ते खिशात दहाची नाणी घेऊन. बाहेर बसणाऱ्या एका म्हातारीला त्यातलं एक द्यायचं, हा नेम सासूबाई होत्या तेव्हापासूनचा. शहरात भीक देण्यावर बंदी आल्यापासून मुलगा त्यांना अडवतो. "एफआयआर झाला तर माझ्या नोकरीचं काय? आणि या लोकांचे गावाकडे बंगले असतात, बाबा." दोघांची खडाजंगी झाली आणि बाबांनी देवळात जाणंच सोडलं. म्हातारी आता मागच्या गल्लीत बसते. सुनेनं एकदा घरात न सांगता तिच्या हातावर दहा रुपये ठेवले. ती विचारते, चूक कोणाची?

अगं, वयानं लहान आहेस म्हणून एकेरीत बोलते. चूक कोणाची हे ठरवून बाबा काही चपला घालून बाहेर पडणार नाहीत. पण नवऱ्याची भीती अगदीच पोकळ नाही, तेवढं त्याच्या पदरात टाक. १ जानेवारी २०२५ पासून इंदूरमध्ये भीक मागण्याप्रमाणेच भीक देणंही गुन्ह्यात धरलं गेलं. भिकाऱ्याकडून एखादी वस्तू विकत घेणंसुद्धा कलेक्टरांच्या आदेशात आलं होतं. त्याच महिन्यात देवळासमोर दहा रुपये देणाऱ्यावर गुन्हा दाखल झाला. भीक मागणाऱ्याची खबर देणाऱ्याला १,००० रुपये बक्षीसही होतं. मात्र असे आदेश मुळात दोन महिन्यांपुरते असतात, मुदत सरली की नव्याने काढावे लागतात. आज काय लागू आहे ते कलेक्टर कचेरीत जाऊन विचारा, व्हॉट्सअ‍ॅपवर नको. आणि लागू असेल तर पाळा. चोरून दिलेल्या दहा रुपयांबद्दल नवऱ्याला तूच सांगून टाक, नाहीतर कुणीतरी शेजारीण सांगेल आणि तिखटमीठ लावून सांगेल.

बंगल्यांचं म्हणशील तर ते मला पटत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या शहरात सापडलेल्या एका बाईनं दीड महिन्यात अडीच लाख कमावल्याची बातमी त्यानं वाचली असणार. सगळ्यांनीच वाचली, आणि सगळ्यांच्या लक्षात तो आकडा राहिला. तिनं आठ वर्षांच्या पोटच्या मुलीला भीक मागायला लावलं होतं, हेही त्याच बातमीत होतं. मला विचारशील तर बातमी तीच होती. सिग्नलला एखादं पोर गाडीच्या काचेवर टकटक करतं, तिथे मी कठोर आहे. पैसा नाही, बिस्किटाचा पुडाही नाही. त्या पोराची कमाई चालू आहे तोवर त्याला शाळेत कोण घालेल? १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन लावायचा. मुलांना भीक मागायला लावणाऱ्याला बालन्याय कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आणि एक लाख रुपये दंड आहे. पोलिसांनी धावावं ते तिकडे.

पण त्या एका बाईच्या पापाचं बिल देवळाबाहेरच्या प्रत्येक म्हातारीच्या नावावर का फाडायचं? भिकाऱ्यांना रस्त्यावरून हटवा अशी मागणी जुलै २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आली होती. न्यायाधीशांनी तेव्हा सांगितलं की गरिबीमुळे, दुसरा इलाज नसतो म्हणून लोक हात पसरतात, उच्चभ्रू नजरेनं आम्ही याकडे बघणार नाही. हे नवऱ्याला वाचून दाखव. गरजू कोण आणि सोंगाडी कोण हे दोन मिनिटांत ओळखू येतं म्हणणाऱ्यांवर माझा तरी विश्वास नाही.

आता बाबांना माझा एक प्रश्न विचार, रागावले तर रागावू देत. इतक्या वर्षांत त्या बाईचं नाव त्यांनी कधी विचारलं का? बँकेत आयुष्य गेलं त्यांचं, तिचं खातं आहे की नाही एवढं तरी? आपल्या राज्यात निराधार वृद्धांना महिना ६०० रुपये पेन्शन आहे. त्यासाठी समग्र आयडी, म्हणजे मध्य प्रदेश सरकारचा ओळख क्रमांक लागतो, आधार लागतं, खातं लागतं. कष्टानं बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात, मशीन ठसा घेत नाही, केवायसी अडते. मग "उद्या या", "हा कागद कमी आहे." त्या बाईचा यात दुसऱ्याच खेपेला धीर सुटेल. बाबांचा सुटणार नाही, जन्मभर खिडकीच्या आतून त्यांनी लोकांना हेच ऐकवलंय.

तिला आधी विचारा मात्र, तुला काय हवंय म्हणून. इंदूरच्या रस्त्यांवरून नेलेल्या कितीतरी जणांना उज्जैनजवळच्या सेवाधाम आश्रमात ठेवलंय. काहींना तिथे बरं वाटतं, काहींना आपली गल्ली सोडवत नाही. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाइन आहे, तीही तिच्या संमतीनंच लावा. परस्पर गाडी बोलावून तिचं गाठोडं उचलायला लावणं म्हणजे मदत नव्हे.

पेन्शन येईपर्यंत तिनं खायचं काय, हे तू विचारणारच. दीनदयाल रसोईत पाच रुपयांत जेवण मिळतं. बाबांनी तिला तिथे घेऊन जावं आणि स्वतःही समोर बसून जेवावं. तुझा नवरा म्हणेल, हीसुद्धा भीकच झाली. म्हणू दे. शेजारी बसून वरण-भात खाणाऱ्या दोन म्हाताऱ्यांवर गुन्हा नोंदवायचा तर ठाणेदारालाही जरा विचार करावा लागेल.

हे सगळं बाबांना एकदम सांगू नकोस, "मला आता शिकवता का" म्हणतील. "समग्रचा फॉर्म मला समजत नाही, जरा बघता का?" एवढंच म्हण. आणि फॉर्मवर मोबाईल नंबर मागतील, तिच्याकडे फोन नसेल, तेव्हा तिला विचारून नंबर बाबांचा द्या, नवऱ्याचा देऊ नका. भर मीटिंगमध्ये त्याला ओटीपी यायला लागले तर पुढचं पत्र मला त्याचं येईल.