त्या कोरियन बाईंचं उदाहरण देण्याआधी

तुझा प्रश्न वाचला. दहा-बारा वर्षं मालिकांत आणि नाटकांत चरित्र भूमिका केल्या आहेस, आता नवऱ्याची कंपनी त्याला फ्लोरिडातल्या टॅम्पाला पाठवतेय, मुलगी सहा वर्षांची आहे. तिकडे अभिनय चालू ठेवता येईल का, आणि नाहीच जमलं तर चार-पाच वर्षांनी मुंबईत परतून पुन्हा उभं राहता येईल का, असं विचारलंस. शेवटी जोडलंस, की कोरियन अभिनेत्री युन यो-जंगसुद्धा सगळं सोडून फ्लोरिडाला गेल्या होत्या, मिळालाच ना त्यांना ऑस्कर!

मी टॅम्पातच असते. वयानं मोठी आहे, म्हणून सरळ ‘तू’ म्हणतेय. घरभाडं, विमा, जुनी गाडी कुठे घ्यायची हे तुला बाकीचे सांगतील, सरकारी पानांवरही बरंच आहे. मी लिहायला बसले ती तुझ्या त्या शेवटच्या ओळीमुळे. २०२१ पासून ही ओळ मला किती जणींनी ऐकवलीय! मंडळाच्या गणपतीत ऐकवली, फोनवर ऐकवली, सख्ख्या बहिणीनं तर दोन वेळा ऐकवली. तेव्हा आधी बाईंची गोष्ट नीट लावून घेऊ.

बाईंचा जन्म १९४७ चा, केसाँगचा. ते गाव आता उत्तर कोरियात आहे. १९६६ साली त्या टीबीसी या वाहिनीतून टीव्हीवर आल्या. १९७१ मध्ये किम की-यंग या दिग्दर्शकाच्या ‘वुमन ऑफ फायर’मध्ये नायिका झाल्या. पहिलाच चित्रपट, आणि त्यात कोरियातला ब्लू ड्रॅगन पुरस्कार, शिवाय स्पेनमधल्या सिट्जेस महोत्सवातही अभिनयाचा पुरस्कार. म्हणजे तिशीच्या आत नाव झालेलं. मग सत्तरच्या दशकाच्या मध्यावर जो यंग-नाम या गायकाशी लग्न करून त्या अमेरिकेला आल्या. सेंट पीटर्सबर्ग, फ्लोरिडा. माझ्या घरून गँडी पूल ओलांडला की ते गाव लागतं. तिथे दोन मुलं सांभाळता सांभाळता बाईंनी किराणा दुकानात कॅशिअरची नोकरी केली, तासाला २.७५ डॉलरवर. दहाएक वर्षं अशी गेली. त्या वर्षांत अभिनय शून्य. इथे कुणी त्यांना शोधून काढलं नाही, कुणी दार उघडलं नाही.

१९८४ मध्ये त्या कोरियात परत गेल्या. १९८७ मध्ये घटस्फोट झाला. ऑस्कर २०२१ चा. मधली ३७ वर्षं तुम्ही सगळ्याजणी एका स्वल्पविरामात उडवता, त्याचा मला राग येतो.

त्या वर्षांत काय केलं बाईंनी? मिळेल ते. घटस्फोटित बाई पडद्यावर नको, असं म्हणणारे प्रेक्षक होते, हे त्यांनी स्वतःच नंतर मुलाखतींत सांगितलंय. आवाज घोगरा, तोही लोकांना आवडायचा नाही. पण घरात दोन पोरं आणि कमावणारी एकटी, त्यामुळे छोट्या भूमिका, आयांच्या भूमिका, दैनंदिन मालिका, काहीही घ्यायच्या. साठीनंतर मात्र ठरवलं की ज्यांच्याबरोबर आवडेल त्यांच्याचबरोबर काम करायचं. गंमत म्हणजे खरी मजेदार कामं तिथूनच पुढे दिसतात. २०१० चा ‘द हाउसमेड’ फ्रान्समधल्या कान महोत्सवाच्या स्पर्धेत होता, २०१२ मध्ये तर त्यांचे दोन चित्रपट एकाच वर्षी कानच्या स्पर्धेत होते, त्यातल्या एकात समोर फ्रेंच अभिनेत्री इझाबेल ह्युपेर. २०१६ च्या ‘द बॅकस लेडी’मध्ये सोलच्या बागांमधून म्हाताऱ्या पुरुषांना गाठून पोट भरणारी वेश्या केली, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी. मिळाला तर हा आधी बघ. त्यात एवढ्या नावाजलेल्या नटीचा रुबाब कुठेही डोकावत नाही.

आणि मग ऑस्करवाला ‘मिनारी’. ली आयझॅक चंग या कोरियन-अमेरिकन दिग्दर्शकाचं स्वतःचं बालपण, आर्कान्सामधलं, चित्रीकरण मात्र ओक्लाहोमातल्या टल्साजवळ, भर उन्हाळ्यात, तुटपुंज्या पैशात. बाईंनी नंतर संडन्स चित्रपट महोत्सवाच्या मंचावर सरळ सांगून टाकलं, की स्वतंत्र निर्मिती म्हणजे हाल होणार हे ठाऊक होतं, म्हणून करायचं नव्हतं. ऑस्करच्या भाषणात ज्या दोन मुलांनी त्यांना घराबाहेर कामाला ढकललं त्यांचे आभार मानले, आणि पहिल्या दिग्दर्शकाचे, किम की-यंग यांचे. त्याच महिन्यात ब्रिटनचा बाफ्टा पुरस्कार घेताना ब्रिटिशांना तोंडावर शिष्ट म्हटलं होतं आणि ऐकणारे हसले होते. ती इंग्रजी व्याकरणानं तपासली तर खिळखिळी निघेल, पण कुठे थांबलं की लोक हसतात ते त्या इंग्रजीला पक्कं माहीत आहे. मला वाटतं ती त्यांना फ्लोरिडाच्या गल्ल्यावर मिळाली. अमेरिकेनं बाईंना दिलं ते एवढंच, बाकीचं कोरियानं दिलं. ऑस्कर मिळवून देणारा चित्रपटसुद्धा बहुतांश कोरियन भाषेत आहे.

तेव्हा तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: टॅम्पात पैसे घेऊन अभिनय जवळजवळ नाही. चित्रपटांना मिळणारी सवलत फ्लोरिडानं २०१६ मध्ये संपू दिली, चित्रीकरणं जॉर्जियात गेली, अटलांटाला. गाडीनं सात तास. ऑडिशन हल्ली घरून चित्रित करून पाठवता येते हे खरं, पण काम करायची परवानगी कुठे आहे? तुझ्या नवऱ्याला कंपनी एल-१ वर (कंपनीतल्या कंपनीत बदलीचा व्हिसा) पाठवतेय की एच-१बी वर (कुशल नोकरदारांचा व्हिसा), हे तू लिहिलंच नाहीस, आणि तुझ्यासाठी सगळं त्यावर आहे. एल असेल तर तू एल-२, आणि नोव्हेंबर २०२१ पासून एल-२ वरच्या जोडीदाराला कामाच्या परवान्याच्या वेगळ्या कार्डाशिवाय काम करता येतं. एच असेल तर तू एच-४, आणि नवऱ्याच्या ग्रीन कार्डसाठी कंपनीनं भरलेला आय-१४० हा अर्ज मंजूर होईपर्यंत तुला सहसा कामाचं कार्ड मिळत नाही. इथे बसून मुंबईच्या स्टुडिओसाठी डबिंग करू म्हणशील, तर तेही काम धरलं जाऊ शकतं, वकिलाला विचारल्याशिवाय हात घालू नकोस. मंडळाच्या नाटकात फुकट काम कर, बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनाला एकांकिका घेऊन जा. माणसं जीव तोडून करतात. तालमी शनिवारी, तीन तास, त्यातला एक तास कुणाच्या तरी तळघराची आठवण काढण्यात जातो, कारण फ्लोरिडात घरांना तळघरं नसतात आणि न्यू जर्सीहून आलेल्यांना ती फार आठवतात.

मी एच-४ वर आले. पुण्यात सुदर्शन रंगमंचावर प्रायोगिक नाटकं करायचे, पोटासाठी डबिंग. इथे कार्ड मिळायला वर्षं गेली. मिळालं तेव्हा एका वाचनालयात मुलांना गोष्टी वाचून दाखवायचं अर्धवेळ काम लागलं. पगार किरकोळ, पण आवाज लावायचा, राक्षस करायचा, समोर तीस पोरं डोळे विस्फारून बसलेली. मला दुसरं काही नको होतं. मग कार्डाची मुदत संपत आली, अर्ज वेळेत भरलेला, बोटांचे ठसे मात्र पुन्हा द्यायला बोलावलं, तारीख पुढे गेली, मग नुसतीच शांतता. फोन लावला की यंत्र बोलायचं. माणूस मिळालाच तर तो माझ्याचकडून पावती क्रमांक घेऊन, संगणकावर जे मला घरी दिसत होतं तेच मला वाचून दाखवायचा. कार्ड संपलं त्या दिवशी वाचनालयानं सभ्यपणे निरोप दिला. नवं कार्ड आलं तोवर तिथे दुसरी बाई राक्षस करत होती. त्या वाचनालयात मी अजून जात नाही, पुस्तकं दुसऱ्या शाखेतून आणते.

आता मुलीचं. शाळेत घालताना लसीकरणाचा फॉर्म इथल्याच डॉक्टरकडून भरून घ्यावा लागतो, भारतातलं पुस्तक चालत नाही, पण ते सोबत हवंच. बीसीजी टोचलेल्या आपल्या मुलांची क्षयाची त्वचाचाचणी कधी कधी उगाच पॉझिटिव्ह येते आणि मग छातीचा एक्स-रे, मग आणखी कागद. तेव्हा रक्तचाचणी मागून घे. हे एक. दुसरं अजून माझ्या डोक्यातून जात नाही. प्रवेशाच्या वेळी एक प्रश्नावली देतात, घरी कोणती भाषा बोलता. मी अभिमानानं ‘मराठी’ लिहिलं. मुलगा पुण्यात इंग्रजी शाळेत होता, अस्खलित बोलायचा, पण त्या एका शब्दावर त्याची चाचणी झाली, आणि नव्या जागी नव्या बाईंसमोर तो तोंड उघडेना. झालं, इंग्रजी न येणाऱ्यांच्या वर्गात. रोज गणिताच्या तासाला उठवून न्यायचे. बाकी पोरांना दिसायचं. महिन्याभरानं शिक्षिका मला म्हणाल्या, घरी थोडं इंग्रजी बोलत चला. मनानं चांगली बाई होती, हसत म्हणाली. मी घरी मराठीच चालू ठेवली. पण त्यानं ऐकलं होतं. त्या वर्षापासून मी मराठीत विचारते आणि तो इंग्रजीत उत्तर देतो, अजूनही. तू प्रश्नावलीत काय लिहावंस ते मी सांगणार नाही, कारण खोटं लिही असं मला म्हणवत नाही आणि खरं लिही असंही म्हणवत नाही.

‘मिनारी’ मी त्याच्याबरोबर पाहिला. त्यात कोरियाहून आजी येते, सुकी मिरची, सुके मासे घेऊन, आणि लहानग्या डेव्हिडला ती खऱ्या आजीसारखी वाटतच नाही. पत्ते कुटते, शिव्या देते, तिला कोरियाचा वास येतो म्हणतो तो. एका प्रसंगात ती दातानं फोडलेलं चेस्टनट त्याच्यापुढे धरते. माझा मुलगा ‘ई’ म्हणाला. माझी आजी खारीक चावून मऊ करून मला भरवायची. हे त्याला सांगावं की नाही ते मला कळेना, म्हणून सांगितलं नाही.

‘पाचिंको’ या मालिकेतही युन बाईच आहेत, ओसाकात म्हातारी झालेली कोरियन सुंजा. दुसऱ्या एका कोरियन म्हातारीच्या घरी ती भाताचा घास घेते आणि तांदूळ आपल्या मुलखाचा आहे हे तिला लगेच कळतं. दोघी रडतात. त्यानंतर मी इंडियन स्टोअरमधून आंबेमोहोराची पिशवी आणली. पाकिटावर लिहिलेला आंबेमोहोर, शिजल्यावर वास येत नव्हता. नवरा म्हणाला, येतोय की.

एकटेपणाचंही विचारलंस. असतो. चालता येण्याजोग्या अंतरावर एक तरी घर ओळखीचं असेल अशा ठिकाणी भाड्यानं जागा घे. गाडी शिक. पुढे.

दुसरा प्रश्न, परतून उभं राहता येईल का. बाईंवरून सांगायचं तर येतं, पण नायिका म्हणून गेलेली बाई परत गेल्यावर कुणाची तरी आई करते, आणि ते तिला खुशीनं करता यायला हवं. तू आत्ताच चरित्र भूमिका करतेस, म्हणजे तुझं त्या बाबतीत बरं आहे. मालिकांत चार वर्षांत निर्मिती प्रमुखापासून कास्टिंगवाल्यापर्यंत सगळे बदललेले असतात, त्यामुळे दर वर्षी दीड महिना मुंबईत राहून एखादं छोटं काम करून ये. आणि परतायचं असेल तर मुलगी सहावीत जायच्या आत. त्यानंतर तिकीट काढायला बसलं की कायम काहीतरी मध्ये येतं, विज्ञानाचा प्रकल्प, वाद्यवृंद, दातांच्या तारा. आम्ही बसलो होतो काढायला. मुलगा एकविसाचा झाला की माझ्या नवऱ्याच्या व्हिसावरून त्याचं नाव उतरेल, ग्रीन कार्डच्या रांगेत तोवर आमचा नंबर लागणार नाही, आणि ज्याच्यासाठी थांबलो त्यालाच स्वतःचा व्हिसा शोधावा लागेल. यावर घरात कुणी बोलत नाही.

आता एक गोष्ट लिहून टाकते, मग पुसावीशी वाटली तरी पुसणार नाही. मला बाईंच्या ऑस्करचा हेवा वाटत नाही. १९८४ च्या विमानाचा वाटतो. संसार मोडायच्या वाटेवर होता, वय सदतीस, लोक नावं ठेवणार हे उघड होतं, आणि तरी त्यांच्याकडे परत जायला कारण होतं. माझा नवरा चांगला आहे. भांडण नाही, तक्रार नाही, स्वयंपाक अर्धा तो करतो. चांगल्या माणसाला सोडून कुणी नाटक करायला पुण्याला जात नाही, आणि बरोबर चल असं मी कधी नीट विचारलेलंही नाही. तो ‘हो’ म्हणाला तर काय, याची मला जास्त भीती वाटते. तू विचारलंस अभिनयाचं आणि मी हे सांगत बसले.

तर: नवऱ्याच्या पत्रावर एल आहे की एच, ते बघ. एल असेल तर ये, दोन वर्षं बघ, मंडळाच्या तालमीला मी तुला घेऊन जाईन, आम्हाला चाळिशीखालची बाई हवीच आहे. एच असेल तर सही करण्याआधी त्याला कंपनीकडून लेखी मागायला लाव, की ग्रीन कार्डचा अर्ज कधी सुरू करणार. तोंडी आश्वासन घेऊ नकोस. मुलीचं लसीकरणाचं पुस्तक हातातल्या बॅगेत ठेव, सामानात टाकू नकोस.