खणायला जाऊ द्या, एफडी मोडू नका

एडिसनहून एका ताईंचं पत्र आलंय. मुलगी न्यू जर्सीतल्या सरकारी विद्यापीठात क्लासिक्स, म्हणजे प्राचीन ग्रीक-रोमन भाषा आणि संस्कृती, शिकते, दुसरं वर्ष संपत आलंय. तिला ग्रीसमधल्या एका उत्खननावर सहा आठवड्यांचं फील्ड स्कूल (प्रत्यक्ष खणत शिकायचं शिबिर) करायचंय. राहणं-जेवण धरून त्याचे ७,२०० डॉलर, विमानाचं तिकीट वेगळं. शिवाय पुढच्या वर्षी एक अख्खं सेमिस्टर अथेन्सला काढायचं मनात आहे, त्याचे २४,००० च्या वर. ५२९ खात्यात, म्हणजे शिक्षणासाठीच्या करसवलतीच्या अमेरिकन बचत खात्यात, ३१,००० आहेत, आणि उरलेल्या दोन वर्षांचे घरातून द्यायचे आहेत साधारण २८,०००. ठाण्याचा फ्लॅट विकल्यावर आजींनी नातीसाठी म्हणून दिलेले २२ लाख भारतात एनआरओ (अनिवासी भारतीयांच्या खात्याच्या) एफडीत आहेत. ताई विचारतात, "एफडी मोडावी का? हे म्हणतात, दगड खणून पोट भरणार आहे का?"

ताई, आधी 'ह्यांचं' बघू. अमेरिकेत १९६६ पासून ऐतिहासिक वारसा जपण्याचा कायदा आहे. त्याच्या कलम १०६ मुळे केंद्र सरकारचा पैसा किंवा परवानगी लागणारा रस्ता, पाइपलाइन, पूल बांधण्याआधी तिथल्या जुन्या अवशेषांचा विचार करावाच लागतो. ही पाहणी बहुतांशी खासगी कंपन्या करतात, आणि माणूस घेताना फील्ड स्कूल केलंय का, हे त्या हमखास विचारतात. खणायची पद्धत, थरांच्या नोंदी, मोजमापं ग्रीसमध्ये शिकली तरी इथे उपयोगी पडतात. पगार सॉफ्टवेअरवाल्यांसारखा नसतो आणि काम उन्हातान्हातलं, पण पोट भरतं. त्यामुळे सहा आठवड्यांच्या या खर्चाला मी सहल म्हणणार नाही.

मात्र पैसे भरण्याआधी मुलीला आणखी एक दार ठोठवायला सांगा. अथेन्सचा प्राचीन अगोरा, म्हणजे तिथला बाजारचौक, अमेरिकन स्कूल ऑफ क्लासिकल स्टडीज ही १८८१ ची संस्था १९३१ पासून खणतेय. तिथे उन्हाळ्यात विद्यार्थी स्वयंसेवक घेतात. निवड झाली तर राहण्याची सोय होते आणि जेवणापुरता भत्ता मिळतो, विमानभाडं तेवढं आपलं. चढाओढ मोठी आहे, नाव लागेलच असं नाही, पण अर्ज न करता ७,२०० मोजणं मला पटत नाही. आर्किऑलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिकाची पहिल्यांदा फील्ड स्कूल करणाऱ्यांसाठी जेन वॉल्डबॉम यांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे, ती तिसऱ्या वर्षापासून पुढच्यांना मिळते. तुमची मुलगी सध्या दुसऱ्यात, म्हणून पात्रतेची ओळ नीट वाचा. एक उन्हाळा थांबल्याने ती हाती लागत असेल, तर थांबण्यात नुकसान काहीच नाही.

अगोरात नाव लागलं नाही, तर फील्ड स्कूल जरूर करावं. पण अनामत भरताना विचारा: उत्खननाचा परवाना हातात आहे का, आणि नाही मिळाला तर पैसे परत मिळतात का? ग्रीसमध्ये कुणालाही उठून खणता येत नाही. २००२ च्या कायद्याप्रमाणे अमेरिकन स्कूलसारख्या प्रत्येक परदेशी पुरातत्त्व संस्थेला वर्षाला स्वतःची तीनच कामं मिळतात आणि आणखी तीन ग्रीक पुरातत्त्व खात्याच्या जोडीने. कित्येक विद्यापीठं त्या मोजक्या जागांसाठी रांगेत असतात.

५२९ मधून किती काढायचे? फील्ड स्कूलची क्रेडिट्स तिच्या कॉलेजच्या पदवीत धरली जाणार असतील, तर फी त्यातून देता येते. कॉलेजकडून हे लेखी घ्या. राहण्या-जेवणाचा खर्च तेव्हाच चालतो, जेव्हा त्या काळात ती किमान अर्धवेळ विद्यार्थी म्हणून नोंदलेली असते. विमानभाडं कधीच बसत नाही. चुकून काढलंत तर त्यातल्या नफ्यावर कर आणि वर १० टक्के दंड. तुमच्या खात्यात दोन वर्षांची सोय करून ३,००० च शिल्लक राहतात, म्हणजे तिकीट धरून साडेपाच हजारांच्या आसपास पगारातून घालावे लागतील. पत्रातलं उत्पन्न बघता आठ-दहा महिन्यांत ते जमेल.

सेमिस्टरला माझा नकार आहे. कॉलेजची आर्थिक मदत तिच्याबरोबर अथेन्सला जाणार असेल तर परत लिहा. एरवी २४,००० देऊन तिला जे मिळेल, त्यातलं निम्मं सहा आठवड्यांत मिळतं.

आता एफडी. ग्रीसला जाण्याचा खर्च मोठा वाटतो, पण या वाटेवरचा खरा खड्डा पुढे आहे. अमेरिकेतल्या चांगल्या विद्यापीठांत क्लासिक्सच्या पीएचडीला बहुधा फी माफ असते आणि वर भत्ता मिळतो. तिथे घेताना बघतात ते ग्रीक आणि लॅटिन वाचता किती येतं. तुमच्या मुलीचं ग्रीक दोन सेमिस्टर झालंय, लॅटिन एकच. भाषा कच्ची राहिलेली मुलं मग पदवीनंतर पदरचे पैसे घालून वर्षभराचा पोस्ट-बॅक (भाषा पक्क्या करायचा अभ्यासक्रम) घेतात, नाहीतर भत्ता नसलेलं एमए. कर्ज होतं ते इथे. म्हणून उरलेल्या चारही सेमिस्टरमध्ये दोन्ही भाषा घेऊ दे, त्यांची फी तुम्ही भरतच आहात. तरीही कमी पडलं, तर आजींचे पैसे त्या वर्षासाठी.

यावर तुमच्या मुलीलाच विचारा, इ.स.पू. ४८३ मध्ये लॉरिओनच्या खाणीत चांदी सापडली तेव्हा अथेन्सकर काय करणार होते. माणशी दहा द्राख्मा वाटून घ्यायचा बेत होता. थेमिस्टोक्लीस या तिथल्या पुढाऱ्याने तो मोडून काढला आणि त्या चांदीची जहाजं बांधायला लावली. तीन वर्षांनी सालामिसला इराण्यांविरुद्धच्या समुद्री लढाईत तीच कामी आली. तिला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार, पण वडिलांना सांगायला बरं.

कागदाचं एक राहिलं. भारतातल्या सगळ्या खात्यांची बेरीज वर्षात कधीही १०,००० डॉलरपुढे गेली की एफबीएआर, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती अमेरिकेच्या सरकारला देणारा फॉर्म, भरावा लागतो, आणि एनआरओचं व्याज अमेरिकेच्या रिटर्नमध्ये दाखवावं लागतं. भारतात त्यावर टीडीएस कापला जातो, त्याचं क्रेडिट घ्यायला विसरू नका. पत्रात यातलं काहीच नव्हतं, म्हणून विचारतोय. भरलं नसेल तर अथेन्सच्या आधी करसल्लागाराकडे जा.

आणि आजींना कळवा, एफडी आहे तशी आहे.