मे महिन्यात अल्मोड्याला मैत्रिणीच्या घरी आठवडाभर जावं का? सोबत नैनिताल-मसुरी जोडून घ्यावं का?

अल्मोड्याला जरूर जा, आणि पूर्ण आठवडा तिथेच राहा. मसुरी उत्तराखंडच्या गढवाल भागात, अल्मोडा कुमाऊं भागात. राज्य एकच असलं तरी मधल्या घाटरस्त्यांत अख्खा दिवस जातो. नैनिताल मेमध्ये गाड्यांनी तुंबलेलं असतं. तुम्हाला त्या गावात हक्काचं घर मिळतंय, ते सोडून हॉटेलं कशाला शोधायची?

माझी हॉस्टेलमधली मैत्रीण अल्मोड्याची. तिच्याकडे मी उन्हाळ्यातच राहिले आहे, त्यामुळे मेमधलं अल्मोडं कसं असतं ते सांगते.

दिल्लीहून रात्रीच्या रानीखेत एक्सप्रेसने पहाटे काठगोदामला उतरायचं. पुढे साधारण ९० किलोमीटर, शेअर जीप मिळते. वळणं फार आहेत, गाडी लागत असेल तर गोळी आधीच घ्या. वाटेत कैंची धाम, म्हणजे नीम करोली बाबांचा आश्रम, लागतं, तिथे शनिवार-रविवारी रस्ता जाम असतो आणि १५ जूनच्या उत्सवाला तर विचारूच नका. त्या सुमाराची तिकिटं काढू नका.

फोटोत दिसतात तशी त्रिशूळ, नंदादेवीची शिखरं रोज दिसतील ही आशा मात्र ठेवू नका. मेमध्ये हवेत धुरकं असतं. रात्री पाऊस पडून गेला, तर पहाटे उठून गच्चीवर जा, तेव्हा दिसतील. दुपारी ऊनही चांगलंच लागतं, कारण गाव जेमतेम १६०० मीटरवर आहे.

या धुरक्यात वणव्यांचाही धूर असतो. चीड म्हणजे पाइनच्या वाळक्या सुया, ज्यांना तिथे पिरूल म्हणतात, त्यांचा थर उन्हाळाभर जंगलात साचलेला असतो आणि एक ठिणगी पुरते. १३ जून २०२४ रोजी जवळच्या बिनसर अभयारण्यात वणवा विझवायला गेलेले वनखात्याचे चार जण जळून मेले. फिरायला गेलात तर कोणी काडी ओढत असेल त्याला खरंच थांबवा, भीड बाळगू नका.

पाण्याचं तर नीट ऐका. अल्मोडा डोंगराच्या धारेवर वसलंय आणि कोसी नदी खाली दरीत. पाणी पंपाने वर चढवावं लागतं, उन्हाळ्यात ते पुरत नाही. मैत्रिणीच्या घरी सकाळी नळ आला की सगळी कामं बाजूला पडत. तिची आई, जिला मीही ईजाच (कुमाऊनीत आई) म्हणते, आधी पिण्याचे हंडे भरायची, मग टाकी, मग बादल्या. तांदूळ धुतलेलं पाणी एका पातेल्यात साठायचं आणि संध्याकाळी तुळशीला, गुलाबाला जायचं. मराठवाड्यातल्या माणसाला हे सांगावं लागणार नाही, पण पुण्या-मुंबईहून जात असाल तर लक्षात ठेवा: पाहुण्याला 'पाणी जपून वापरा' असं ते लोक तोंडाने कधीच म्हणणार नाहीत. अर्ध्या बादलीत अंघोळ उरका आणि नळाच्या वेळेला लवकर उठून हंडे भरायला हात लावा. त्या घरात मी पाहुणी राहिले नाही ती त्या हंड्यांमुळेच.

मैत्रिणीला जुना नौला दाखवायला सांगा. झऱ्यावर बांधलेली बुटकी दगडी खोली, आत वाकून शिरायचं, आणि खाली खाली अरुंद होत जाणाऱ्या पायऱ्यांच्या चौकोनी कुंडात पाणी. बाहेर रणरणतं ऊन आणि आत गारवा. पुष्कळ नौले आता आटलेत किंवा कचऱ्याने भरलेत, ते बघून जीव तुटतो. ज्यांनी हे बांधलं त्यांना डोंगर कळला होता.

संध्याकाळी बाजारात चालत फिरा. थाना बाजार, लाला बाजार असा तो धारेवरून लांबच लांब जातो, कोरीव लाकडी दर्शनी भागांची जुनी घरं अजून काही उभी आहेत. मेमध्ये टोपल्यांतून काफळ विकायला येतं. लालभडक ते काळपट, खरखरीत सालीचं, बोरापेक्षाही लहान फळ. गर थोडा, बी मोठी. मीठ लावून देतात. सकाळचं तोडलेलं संध्याकाळी मऊ पडतं, म्हणून ते आपल्याकडे कधी पोचतच नाही, तिथेच पोटभर खा. आलू के गुटके आणि पहाडी रायता मिळाला तर सोडू नका. रायत्यात वाटलेली राई इतकी असते की पहिल्या घासाला नाकातून झिणझिण्या येतात. घरी भट्ट की चुडकाणी, म्हणजे काळ्या सोयाबीनचं दाट कालवण, मागून घ्या.

बाहेर पडायचं तर जागेश्वर नक्की करा. साधारण ३५ किलोमीटर, देवदारांच्या दाट राईत शंभरावर लहानमोठी दगडी देवळं. चितईला गोलू देवतेचं देऊळ आहे, तिथे लोक न्याय मागणारे अर्ज लिहून टांगतात, काही तर स्टँप पेपरवर. ते अर्ज म्हणजे कोणाचं तरी खरं दुःख आहे, फोटो काढू नका. कटारमलचं सूर्यमंदिरही सुंदर आहे, वेळ उरला तर.

आणि तुम्ही मराठी आहात हे सांगा! कुमाऊंतली पंत घराणी आपले पूर्वज महाराष्ट्रातून आले असं मानतात. उत्तर प्रदेशचे पहिले मुख्यमंत्री गोविंद वल्लभ पंत यांचा जन्म अल्मोड्याजवळच्या खूंट गावचा. मैत्रिणीच्या शेजारच्या पंत आजोबांनी मला बसवून घेऊन कोकणातल्या गावांची नावं विचारली होती, एकेक नाव स्वतः म्हणून बघत होते.

नेताना हापूसची छोटी पेटी आणि घरची चकली न्या. येताना बाल मिठाई आणा, ती काही दिवस टिकते. मालूच्या पानाच्या द्रोणातली सिंगोडी, म्हणजे खव्याची मिठाई, मात्र तिथेच खा.