नागपुरात काही घडत नाही, असे लिहिणाऱ्या विद्यार्थिनीस

नागपूर

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. भूशास्त्राची पदवी हाती येताच तुला हिमालयात किंवा किनारपट्टीवर कामाला जायचे आहे आणि त्याचे कारण तू असे दिले आहेस की नागपूर सुरक्षित आहे. येथे ज्वालामुखी नाही, समुद्र नाही, भूकंपाच्या नकाशातही आपला रंग सर्वांत फिका. हिमालयात जाण्यास माझी ना नाही. पण ‘सुरक्षित’ हा शब्द तू ज्या सहजतेने लिहिलास, तो वाचून मी अस्वस्थ झालो, म्हणून हे उत्तर जरा लांबणार आहे.

किल्लारीचा परिसरही त्या काळच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या पट्ट्यात होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जन करून गावे झोपी गेलेली असताना, चारच्या सुमारास सहाहून थोड्या अधिक परिमाणाचा भूकंप झाला आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. काही आठवड्यांनी मी तेथे गेलो होतो. एका पडक्या घराच्या भिंतीचा छेद अजून डोळ्यांसमोर आहे: दोन्ही अंगांना दगड, मध्ये गोटे आणि चिखल, दोन्ही थरांना एकत्र धरून ठेवणारा आरपार दगड एकही नाही, आणि त्यावर मातीचे जाडजूड माळवद. माळवदाने घर उन्हाळ्यात थंड राहते, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या त्यावर माती चढत आली होती. आदल्या वर्षी त्या भागात लहान हादरेही जाणवले होते. पुढे २००२ मध्ये भूकंपविषयक मानक सुधारले गेले, तेव्हा तो पहिला पट्टा नकाशातून काढूनच टाकण्यात आला. आपल्या उत्तरेलाही सातपुडा ओलांडला की नर्मदेचा भ्रंशपट्टा, म्हणजे खडक तुटून सरकलेला पट्टा, लागतो आणि २२ मे १९९७ चा जबलपूरचा भूकंप त्याच पट्ट्यातला आहे, हे विसरू नकोस.

ज्वालामुखीचे थोडक्यात सांगतो. सीताबर्डीची टेकडी लाव्हाची आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या. टाकळीला लाव्हाच्या दोन प्रवाहांमध्ये दबलेल्या गाळात गोड्या पाण्यातील गोगलगायींचे जीवाश्म सापडले, म्हणजे दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तेथे तळे साचले होते आणि जीव नांदत होते. ते गोळा करून अभ्यासणाऱ्यांपैकी एक, स्टीफन हिस्लॉप, १८६३ मध्ये टाकळघाटाहून परतताना पुराने फुगलेल्या नाल्यात बुडून वारले. ज्यांच्या नोंदींपासून नागपूरच्या भूशास्त्राचा अभ्यास सुरू होतो, त्यांचा अंत येथल्याच एका नाल्यात झाला.

तेव्हा पाण्याविषयी सविस्तर बोलतो, कारण तुझ्या पिढीचे खरे काम येथेच पडलेले आहे. नाग नदी पश्चिमेला लाव्हा नावाच्या गावाजवळच्या उंचवट्यावर उगम पावते, अंबाझरी तलावातून शहरात उतरते आणि पूर्वेला कन्हानकडे जाते. तिच्या वरच्या अंगाला काळा पाषाण आहे आणि त्यावर आता रस्ते, अंगणे, वाहनतळ यांचे काँक्रीट पडले आहे. मुरणारे पाणी कमी आणि धावणारे अधिक. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे काही तासांतच शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळला, अंबाझरी ओसंडून वाहिली आणि गल्ल्यांतून नदी फिरली. दुसऱ्या दिवशी मी टेप घेऊन नदीकाठच्या एका वस्तीत गेलो. एका घरात चिखलाची रेघ स्वयंपाकाच्या ओट्याच्या चार बोटे वर होती आणि कोठीतला गहू फुगून त्याला आंबूस वास सुटला होता. त्या घरच्या आजींना मी विचारले की पाणी कुठून आले. त्या म्हणाल्या, “आधी मोरीतून वर आलं, मग दारातून.” या एका वाक्यात मला नदीची पातळी वाढून गटारे उलटी वाहू लागल्याचे कळले, उपग्रहाच्या चित्रातून ते कधीच कळले नसते.

समुद्र नाही, असेही तू लिहितेस. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील विस्तृत प्रदेशावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या आणि त्यांना लागणारे बाष्प पुरवण्यात अरबी समुद्राचा मोठा वाटा आहे. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. म्हणजे शेकडो किलोमीटर दूरचा समुद्रही त्या आजींच्या मोरीपर्यंत पोहोचतो.

उन्हाबाबत एकच सांगतो. मे २०२४ मध्ये नागपुरात एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंशांची नोंद दाखवली आणि ती बातमी देशभर पसरली. तपासणीत तो संवेदकाचा बिघाड निघाला. येथला उन्हाळा खरोखरच जीवघेणा आहे आणि म्हणूनच असा खोटा आकडा मला फार घातक वाटतो, कारण त्यानंतर लोक ४६ अंशांच्या खऱ्या इशाऱ्याकडेही दुर्लक्ष करतात. आकडा पुढे पाठवण्याआधी तो कुठे आणि कशाने मोजला, हे पाहण्याची सवय लावून घे. आणि केवळ दुपारच्या कमाल तापमानावर थांबू नकोस, रात्रीचे किमानही लिहीत जा. टिनाच्या छपराखाली झोपणाऱ्याचे शरीर रात्री निवलेच नाही, तर दुसऱ्या दिवशीचे ऊन त्याला अधिक जड जाते.

हिमालयातील संस्थेसाठी शिफारसपत्र मी आनंदाने देईन. त्याआधी येत्या रविवारी सकाळी सहाला अंबाझरीच्या सांडव्यापाशी ये. टेप, वही आणि पाण्याची बाटली आण. तेथून नदीच्या काठाकाठाने जमेल तितके पायी जाऊ. २०२३ च्या पुरातील त्या चिखलाच्या रेघा काही भिंतींवर अजून दिसतात, रंग लागून बुजण्याआधी त्यांची उंची आपल्याला नोंदवून घ्यायची आहे.

तुझे सर