आधी लेकीची टेस्ट कर, सासूबाईंचं नंतर बघू

सांगली जिल्ह्यातून एका आईचं पत्र आलंय. सहा वर्षांच्या मुलाला हिमोफिलिया ए, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आनुवंशिक आजार आहे, सासूबाई येता-जाता 'हे तुमच्या माहेरचं' म्हणतात, नवरा गप्प. त्यांचं तोंड कसं बंद करू, असं विचारतेय.

अगं, दोन पानं सासूबाईंवर लिहिलीस आणि मध्येच एक ओळ टाकून पुढे गेलीस, की मोठी चौदाची आहे, तिचं काही टेन्शन नाही, फक्त पाळी आठ-नऊ दिवस चालते, रात्री उठून पॅड बदलावं लागतं, पण माझंही तसंच होतं, आणि मे महिन्यात तिची दाढ काढायचीय. खरं सांगते, मला तुझा राग आला. पोराचा गुडघा सुजला की रात्री-अपरात्री फॅक्टर (रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाचं इंजेक्शन) द्यायला पळतेस आणि पोरीचं रक्त जातंय ते 'बायकांचं असतंच' म्हणून सोडून दिलंस?

मुली नुसत्या कॅरियर, म्हणजे आजाराचा जीन पुढे नेणाऱ्या, असतात, त्यांना काही होत नाही, हे डोक्यातून काढ. तू कॅरियर असशील तर तिच्याकडे तो जीन गेला असायची शक्यता निम्मी, आणि काही कॅरियर मुलींचा स्वतःचाच फॅक्टर एट, म्हणजे तुझ्या मुलात कमी असलेलं तेच प्रथिन, ४० टक्क्यांच्या खाली असतो, म्हणजे सौम्य हिमोफिलियाच तो. एरवी कळत नाही, पाळीत कळतं, दात काढल्यावर कळतं, बाळंतपणात कळतं. रक्त गोठण्याची नेहमीची टेस्ट, पीटी, एपीटीटी, नॉर्मल आली म्हणून सुटलो असं नसतं, फॅक्टर एटची लेव्हल वेगळी सांगून करावी लागते, सोबत व्हॉन विलेब्रँड या रक्त गोठायला लागणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाचीही, कारण एवढ्या ब्लीडिंगमागे त्याची कमतरताही असू शकते.

आणि तू हे का टाळतेयस तेही मला दिसतंय. टेस्ट केली आणि तू कॅरियर निघालीस तर सासूबाई खऱ्या ठरतील, हीच भीती ना? ठरू देत. जीन कुणी ठरवून देत नाही, आणि साधारण एक तृतीयांश केसेसमध्ये तर घराण्यात आधी कुणालाच नसतं.

याच आठवड्यात, मुलाला दाखवतेस त्याच हिमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे रक्ताच्या डॉक्टरकडे, लेकीला ने, तुझंही रक्त दे. रिपोर्ट बघून डॉक्टर हो म्हणेपर्यंत दाढ काढायची नाही, डेंटिस्टला आजच फोन कर. तोवर पाळीत पोट दुखलं तर ब्रुफेन नको, पॅरासिटामॉल दे. नवऱ्यालाही सोबत घेऊन जा, डॉक्टर काय म्हणतात ते त्याने स्वतःच्या कानाने ऐकू दे, मग घरी आईला काय सांगायचं ते तो सांगेल.