दुहेरीत तिसऱ्या सेटऐवजी सुपर टायब्रेक का खेळवतात? हा निव्वळ नशिबाचा खेळ नाही का?

'नशिबाचा खेळ' हे शब्द वाचले आणि राहवलं नाही. नेमके हेच शब्द आमचे साडू गेली कित्येक वर्षं दर दिवाळीला फराळाचं ताट पुढ्यात घेऊन म्हणतात.

आधी तुमचा प्रश्न. सुपर टायब्रेक म्हणजे तिसऱ्या सेटच्या जागी नुसते पॉइंट मोजत खेळायचं, आधी दहा पॉइंट करून दोनने पुढे असेल ती जोडी जिंकली. तो कशाला, तर वेळ वाचवायला, दुसरं काही नाही. दुहेरीचा सामना किती वेळ चालेल हे संयोजकांना आधी कळलं पाहिजे, टीव्हीवाल्यांना कळलं पाहिजे आणि एकेरीतल्या नामांकितांनीही दुहेरीत उतरावं, असा सगळा हिशेब होता. २००५ मध्ये बदलांची चर्चा सुरू झाली तेव्हा दुहेरीवाले खेळाडू चक्क कोर्टात गेले होते, म्हणजे वकिलांच्या कोर्टात. शेवटी तडजोड झाली आणि २००६ पासून एटीपी म्हणजे पुरुषांच्या व्यावसायिक स्पर्धांत ड्यूसला (४०-४० झाल्यावर) एकच निर्णायक पॉइंट आणि १-१ सेट झाले की दहाचा टायब्रेक, हे रूढ झालं. ग्रँड स्लॅममध्ये पुरुष दुहेरीचा तिसरा सेट अजून खेळवतात.

आता नशिबाचं. जानेवारी २०१९, पुण्यात बालेवाडी, टाटा ओपन महाराष्ट्र ही एटीपी स्पर्धा. पुरुष दुहेरीची उपांत्यपूर्व फेरी. एकीकडे रोहन बोपण्णा आणि दिविज शरण, दुसरीकडे लिअँडर पेस आणि मेक्सिकोचा मिगेल रेयेस-वारेला. मी आणि साडू शेजारी बसलो होतो. थंडी मरणाची, साडूंनी कानटोपी आणलेली, मी विसरलेलो. पेसच्या जोडीने पहिला सेट टायब्रेकमध्ये घेतला, दुसरा गेला ६-४ ने, आणि मग सुपर टायब्रेक. संपला तो १७-१५ वर, बोपण्णा-शरणच्या बाजूने. ९-९ नंतर जी जोडी एका पॉइंटने पुढे ती मॅच पॉइंटवर, त्यामुळे टाळ्या वाजवायच्या कुणासाठी हेच लोकांना कळेना. पेस तेव्हा ४५ वर्षांचा, बोपण्णा ३८. २०१२ च्या ऑलिंपिकला बोपण्णाने पेससोबत खेळायला नकार दिला होता, ते जुनं प्रकरण सगळ्यांना ठाऊक, त्यामुळे गॅलरीत दोन तट.

३२ पॉइंट झाले हो त्या टायब्रेकमध्ये. ६-० चा सेट २४ पॉइंटांत संपू शकतो. मग याला नाणेफेक कसं म्हणायचं? बोपण्णा-शरण पुढे ती स्पर्धा जिंकले. अंतिम सामन्यात ब्रिटनच्या ल्यूक बॅम्ब्रिज आणि जॉनी ओ'मारा यांना ६-३, ६-४ असं सरळ हरवलं, सुपर टायब्रेकची वेळच आली नाही.

पण साडूंना हे पटत नाही. त्याचं कारण बालेवाडीत नाही, त्याच्या आधीच्या महिन्यात आहे.

आमच्या क्लबची पंचेचाळिशीच्या पुढची दुहेरी. पहिला सेट आमचा, दुसरा त्यांचा. समोर एक डावखुरा होता, अॅड कोर्टवरून, म्हणजे कोर्टाच्या डाव्या अर्ध्या भागातून, असा बाहेर वळणारा सर्व्ह टाकायचा की मी बॅकहँडसाठी जवळजवळ कुंपणापर्यंत जायचो. अॅड बाजूला रिटर्नला मी. सुपर टायब्रेकच्या आधी मी साडूंना म्हटलं, "आपण बाजू बदलू. तुमचा दोन हातांचा बॅकहँड आहे, तुम्ही घ्या याला." साडू म्हणाले, "सेटमध्ये बाजू बदलता येत नाही. नियम आहे." पंचाच्या खुर्चीवर कॉलेजातला मुलगा. त्याला विचारलं तर तो म्हणाला, "काका, तुम्ही ठरवा." साडू वयाने मोठे, मी गप्प बसलो. ८-१० ने हरलो. शेवटचा पॉइंट तोच सर्व्ह, तोच बॅकहँड, चेंडू नेटमध्ये.

तर हे लिहून ठेवतो. शेवटच्या सेटऐवजी खेळला जाणारा टायब्रेक नव्या सेटसारखा धरतात. सर्व्हची पाळी दोन संघांमध्ये आधीच्याच क्रमाने पुढे चालते, पण जोडीने आपापसात आधी कोण सर्व्ह करणार आणि कोण कुठल्या बाजूला रिटर्नला उभं राहणार हे बदलता येतं. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या नियमांत हे स्पष्ट आहे. बदलता येत नाही ते सेट चालू असताना, आणि सेटमध्ये सहा-सहा गेम झाल्यावरच्या साध्या टायब्रेकमध्ये. साडूंनी दोन्हींची खिचडी केली. बालेवाडीत १२-१२ च्या आसपास मी त्यांना हेच सांगत होतो. ते म्हणाले, "मॅच बघू द्या की."

मॅच बघताना कळतं की हे लोक दोन पॉइंटांच्या मधे सतत बोलतात. पाठीमागे बोटांच्या खुणा, तोंडापुढे चेंडू धरून कुजबुज. आम्ही सव्वा तासात चार वाक्यं बोललो असू, त्यातलं एक पाण्याच्या बाटलीबद्दल. तुम्ही दुहेरी खेळत असाल तर जोडीदार नात्यातला घेऊ नका. फटका चुकला तर बोलता येत नाही आणि नाही बोललं तर पाडव्यापर्यंत मनात राहतं.

पुढच्याच वर्षी, २०२० मध्ये, त्याच बालेवाडीत अंतिम सामना सुपर टायब्रेकमध्ये गेला. जोनाथन एर्लिक आणि आंद्रेई वासिलेव्स्की ८-१० ने हरले. आमचाच आकडा. मी साडूंना लगेच मेसेज केला. उत्तर आलं, 'नशीब.' २०२३ नंतर स्पर्धा पुण्यातून गेली, नाहीतर वाद दरवर्षी ताजा राहिला असता.

दोन गोष्टी राहिल्या. क्लबच्या स्पर्धेत स्थानिक नियम वेगळा असू शकतो, आधी नियमांचा कागद मागून घ्या. आम्ही मागितला नव्हता. आणि दुसरं, ८-८ ला सर्व्ह माझा होता. डबल फॉल्ट झाला. साडूंनी तो विषय आजपर्यंत कधीच काढलेला नाही.